केळीचं खोड विकत नाहीत

कुठलाही कागद समोर ठेवला की आधी रुखमाजिजीचं बोट पुढे यायचं, मग ती स्वतः. उजव्या हाताची तर्जनी, केळीच्या चिकाने काळी पडलेली, नखापाशी चिरलेली. ते बोट कागदावर वरपासून खालपर्यंत सावकाश फिरायचं. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. चौथीपर्यंत शिकली होती, मराठी अक्षरं जुळवून वाचायची. पण आमचे कागद हिंदीत असायचे, आणि ती हिंदी बऱ्हाणपूरच्या बाजारात बोलतात ती नव्हती. म्हणून बोट तळाशी पोचलं की ती मान वर करायची आणि विचारायची, "यात मी कुठी हाये?"

मी तिला दाखवायचे. इथे 'लाभार्थी' लिहिलंय, ती तू. इथे 'हितधारक' आहे, तीही तूच. इथे 'लक्षित समूह', त्यात तू आणि बाकीच्या अकरा जणी.

"माहं नाव नाई लिहिलं कुठी?"

"नाव शेवटी. सहीच्या जागी."

"मतलब काम सगळं झाल्यावर मी," ती म्हणायची आणि सही करायची. सही मात्र ऐटीत. 'रुखमा'मधल्या 'र'ची शेपटी ती पार कागदाच्या कडेपर्यंत ओढायची.

बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावात मी पहिल्यांदा गेले ती एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून. योजना तिघांची होती. सरकार शेड बांधून देणार आणि धागा काढायची तीन मशीन देणार. एक मोठी कंपनी तो धागा विकत घेणार. आमची संस्था बायकांना एकत्र आणणार, शिकवणार आणि कागद भरणार. केळीचा घड कापला की उरलेलं खोड शेतात सडतं. त्याचा धागा निघतो, धाग्याच्या चटया, पिशव्या, कापड होतं. ते परदेशात जातं आणि गरीब बाई बाजारात येते. बाजाराने गरिबांना सामावून घ्यावं, म्हणजे गरिबी हटेल, असं आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं. माझा बाप कागद कारखान्यात कामगार. गेटवर वाटायची युनियनची पत्रकं आमच्या घरात जेवणाच्या ताटाखाली अंथरलेली असायची, अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. असल्या वाक्यांकडे संशयाने बघायला मी लहानपणीच शिकले होते. पण नोकरी हवी होती, आणि आत शिरून बघू असंही वाटत होतं. आत शिरलेला माणूस हात घातल्याशिवाय नुसता बघत बसू शकत नाही, हे पत्रकांत कुठे छापलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी शेडकडे जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जिजीने मला बांधावर बसवलं, कमरेच्या पिशवीतून केळीच्या धाग्याची गुंडी काढली आणि दाताने धरून असा काही पीळ दिला की चप्पल पुढे दोन वर्षं टिकली. त्या पिशवीत तीनच वस्तू असायच्या : भाजलेले शेंगदाणे, धाग्याची गुंडी आणि हळदीकुंकवाची चपटी पुडी. धाग्याने ती जगातलं काहीही दुरुस्त करायची. आमच्या रजिस्टरची शिवण, शेडच्या नळाची गळती, कोणाच्या छत्रीची काडी. एकदा कंपनीच्या गाडीचा मागचा दिवा लोंबत होता, तोही तिने बांधून दिला. ड्रायव्हर हसला. "हस बाबा," ती म्हणाली, "इंदूरलोक पडला तर सांगजो." दिवा इंदूरपर्यंत पडला नाही.

"कुठची हायेस व तू?" तिने मला विचारलं होतं.

"कागद कारखान्याच्या कॉलनीतली."

"मंग बरोबर. कागदवाली." त्यानंतर तिने मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही.

धागा काढायला तिला आमच्या संस्थेने शिकवलं नव्हतं. तिचा नवरा निंबादादा लग्नाचे मांडव घालायचा. मांडवाला केळीचे खांब लागतात, ते शेतातून आणायचं काम जिजीचं. खोडाच्या वरच्या सोपटांचा, म्हणजे सालींचा, दोर करून ती मांडव बांधायची, आणि दोर करता करता तिला आतला धागा सापडला होता. एका फळीवर सोपट ठेवायचं आणि बोथट पात्याने खरडत जायचं. पाणी आणि गर निघून जातो, रेशमासारखे धागे उरतात. मशीन आलं तेव्हा तिने ते दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे बी खरडतेच. याचं पोट मोठं हाये येवढंच."

शेतात तिची एक पद्धत होती. घड कापलेल्या खोडाजवळ जायची, विळ्याची मागची बाजू त्याच्यावर तीनदा आपटायची आणि कान द्यायची. आवाज ओला आला तर थांबायची, बसका आला तर कापायची. कापायची तीही कमरेएवढ्या उंचीवर, खालून नाही. कारण खोडाच्या बुडाशी पील असतं, पुढच्या वर्षीची केळ. उरलेलं खोड सुकत सुकत आपलं पाणी पिलाला देतं. "माय हाये ते," ती म्हणायची. "घड गेला म्हून कचरा नाई झाली. अजून पाजते."

आमच्या कागदांत मात्र खोडासाठी एकच शब्द होता : कचरा. 'कचऱ्यातून समृद्धी' असा फलक शेडवर लावला होता. जिजीने बोट फिरवून तो वाचला, कारण तो मराठीतही होता. दुसऱ्या दिवशी 'कचऱ्यातून' या शब्दावर सोपटं वाळत घातलेली दिसली. ती कायम तिथेच वाळत असायची.

कमरेएवढं खोड सोडल्यामुळे तिचा धागा आखूड निघायचा. कंपनीला लांब हवा होता. म्हणून तिच्या शेडचा माल नेहमी दुसऱ्या प्रतीत जायचा. कंपनीकडून येणारा सौरभ नावाचा तरुण अधिकारी तिला दर खेपेला समजवायचा. तो वाईट नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. आला की चप्पल काढून शेडमध्ये यायचा, बायकांना आप म्हणायचा, बऱ्हाणपूरच्या चौकातून दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन यायचा.

"जिजी, नीचे से काटिये ना. आपका ही फायदा है."

"पिलाचं काय, सरजी?"

"किसान का पौधा है. किसान देखेगा."

"त्याचं बी मीच पायते," जिजी म्हणायची आणि दराबा उचलायची. "गोड चांगला हाये."

मग प्रशिक्षणाचा प्रकार झाला. कंपनीचे दोन तज्ज्ञ आले आणि तीन दिवस जिजीच्या मागे शेतात हिंडले. खोड कधी कापायचं, कुठलं सोपट टाकायचं, किती वेळ भिजवायचं, सावलीत का वाळवायचं. ती सांगत गेली. विचारलं त्याला सांगायचं, हा तिचा नियम होता. तिला कुणी मांडव बांधायला शिकवलं होतं तेव्हा कुठे काय मागितलं होतं? सहा महिन्यांनी इंदूरहून एक प्रशिक्षक आला. हातात रंगीत पुस्तिका, भिंतीवर पडदा. बारा बायकांना रांगेत बसवून त्याने शिकवलं : खोडावर विळ्याची मागची बाजू तीनदा आपटावी, आवाज ऐकावा, घड उतरवल्यावर दोन दिवसांच्या आत कापावं.

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जिजी नव्हती हसत. ती पहिल्या रांगेत मांडी घालून शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं सांगतलं पोरानं." मग, "फक्त ते दोन दिवस उन्हाळ्याचे होय. पावसाळ्यात चार चालतात. मी सांगतलं होतं, त्यायनं लिहिलं नाई."

प्रशिक्षकाने पुस्तिका चाळली. पावसाळा त्यात नव्हता. प्रशिक्षण झाल्याबद्दल जिजीला प्रमाणपत्र मिळालं. तिने बोट फिरवलं, आपलं नाव शोधलं, सापडलं. नावाच्या पुढे 'प्रशिक्षणार्थी' लिहिलं होतं.

"याचा मतलब?"

"शिकणारी."

"हाव? काय शिकली मी?"

ते प्रमाणपत्र तिने घरात देवळीत ठेवलं, कारण त्याचा कागद जाड होता आणि देवळीचा तळ खचला होता.

फोटो काढायला एक चमू आला तेव्हाची गोष्ट फोपनारमध्ये अजून सांगतात. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग जात नाही. साबण, सोडा, रॉकेल, कशानेच नाही. त्यामुळे शेतात जायला जिजीची एकच साडी ठरलेली होती, मूळची हिरवी असावी, आता वहाणेच्या रंगाची. फोटोवाल्या बाईने तिच्यासाठी पिवळीधमक साडी आणली होती.

"ही नेसून खोड कापू?" जिजीने विचारलं.

"कापायचं नाही, ताई. नुसतं उभं राहायचं."

"मंग माही गरज काय? साडी उभी करा."

शेवटी ती डागाच्याच साडीत उभी राहिली. काही महिन्यांनी छापलेली पत्रिका आली. मुखपृष्ठावर जिजी होती, हातात धाग्याची लड. साडीवर डाग नव्हता. हात गोरे होते, बोटं स्वच्छ, तर्जनीची चीर गायब. जिजीने पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"तोंड माहं हाये," ती म्हणाली. "हे हात कोनाचे?"

आता एका रकान्याबद्दल लिहायला हवं. तो या सगळ्याच्या आधीचा.

तिघांचा करार व्हायच्या आधी एक अर्ज भरायचा होता. त्यावरून धाग्याचा भाव ठरणार होता आणि तो पुढची काही वर्षं बदलणार नव्हता. बायकांची मजुरी, विजेचा खर्च, मशीनची देखभाल, असे एकेक रकाने मी शेडमध्ये बसून भरत होते. बारा जणी भोवती बसल्या होत्या. एका रकान्यात होतं : कच्च्या मालाचा दर. खोड कितीला पडतं?

"कितीला मंजे?" जिजी म्हणाली. "खोड विकत नाईत."

"तरी पण काहीतरी लिहावं लागेल, जिजी."

"अवं, ताकाचे पैसे घेते काय कोनी? तसं हाये हे. घड शेतकऱ्याचा, खोड मागनाऱ्याचं. प्रल्हादभाऊले विचार."

प्रल्हादभाऊ म्हणजे गावचा मोठा केळीवाला. बायका जास्त खोडं त्याच्याच शेतातून आणायच्या. तो तेव्हा शेडच्या दाराशी उभा होता. "जिजी म्हणते ते खरं हाये," तो म्हणाला. "आमच्या बापाच्या बापानं बी खोडाचा पैसा घेतला नाई. पाप लागते."

मग जिजीने मला रीत समजावून सांगितली. मांडवाचे खांब मागायला गेलं की शेतकरी नाही म्हणत नाही. खांब कापून झाले की उरलेल्या बुंध्याला हळदकुंकू लावायचं, शेतातून निघताना मागे वळून पाहायचं नाही. आणि लग्नात, ज्याच्या शेतातले खांब त्याचं पान पहिल्या पंगतीत, नवरदेवाच्या मामाच्या शेजारी. तो कितीही गरीब असो, कुठल्याही जातीचा असो. पैसा घेतला तर पान गेलं. म्हणून कुणी घेत नाही.

"लिव्ह तिथी," तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं. "काही नाई, असं लिव्ह."

मी शून्य लिहिलं.

लाज वाटली ती नंतर. त्या दिवशी मला अभिमान वाटला. बापाच्या सगळ्या पत्रकांत जे सापडलं नव्हतं ते इथे एका रकान्यात सापडलं, असं वाटलं : बाजाराच्या कागदावर एक अशी वस्तू जिला किंमतच नाही, कारण ती माणसांमधली आहे. मी संस्थेच्या पत्रिकेत त्यावर लेखही लिहिला. लोकांनी वाहवा केली. कंपनीतल्या कोणी तरी तो लेख फार काळजीपूर्वक वाचला असणार. कारण त्यात मी पत्ता दिला होता. या गावात कच्चा माल फुकट आहे, आणि तो कुणाच्याच मालकीचा नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. धागा जात होता. दुसऱ्या प्रतीचा का असेना, बारा जणींच्या हातात पैसे येत होते. जिजीने धाकट्या मुलीला, मंगलला, बऱ्हाणपूरच्या कॉलेजात घातलं. दुसऱ्या वर्षी कंपनीने औद्योगिक वसाहतीत स्वतःचं मोठं युनिट टाकलं. तिथल्या मशीनना दिवसाला जेवढं खोड लागे तेवढं आमच्या शेडला महिन्यात लागत नसे. एका सकाळी फोपनारच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उभे राहिले. कंपनीचा ठेकेदार शेतकऱ्यांना खोडामागे पैसे देत होता. फार नव्हते. पण कालपर्यंत शून्य होतं, त्यापुढे काहीही जास्तच.

जिजी नेहमीप्रमाणे विळा घेऊन प्रल्हादभाऊच्या शेतात गेली. मी बरोबर होते. ट्रॅक्टरवाल्यांची माणसं खोडं जमिनीच्या अगदी लगत कापत होती.

"भाऊ, आमची ओळ ठेवली ना?" तिने विचारलं.

प्रल्हादभाऊ मोबाईलमध्ये बघत होता. "जिजी, सगळं शेत लिहून दिलं त्यायले. तू बी घे ना. जो भाव ते देतात तोच दे, तुले काही जास्त नाई लावत."

"तू म्हने पाप लागते."

"तवा कोनी घेनारं नव्हतं, जिजी. आता फुकट कोन सोडते?"

त्याला मी दोष देत नाही. दारात आलेले पैसे त्याने घेतले. पण ते पैसे त्याच्या दारात कुणी आणले, कुठल्या कागदावरून आणले, हे मला माहीत होतं, आणि त्या बांधावर ते माहीत असणारी मी एकटीच होते.

बायकांनी हिशेब केला, आणि तो करायला कुणी शिकलेलं लागत नव्हतं. खोड विकत घेऊन धागा काढला तर कराराच्या भावात मजुरीच उरत नव्हती. शेड चालू ठेवायची तर एकच मार्ग होता, कराराचा भाव बदलून घ्यायचा. त्यासाठी आढावा बैठकीत जायचं ठरलं. जिजी डागाची साडी नेसूनच आली.

मोठ्या टेबलाभोवती सरकारी विभागाचे अधिकारी, आमच्या संचालक मॅडम, सौरभ आणि त्याचे वरचे साहेब. पडद्यावर जिजीचा तो गोऱ्या हातांचा फोटो. जिजीला खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पळायला तयार असल्यासारखी.

"साहेब," ती म्हणाली, "खोडाले आता पैसे पडतात. आमच्या भावात ते धरलेले नाईत. ते धरा. बाकी आमचं काही म्हननं नाई."

वरचे साहेब सौम्यपणे हसले. सौरभने फाईलमधून अर्ज काढला आणि तिच्यासमोर ठेवला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "जिजी, ये तो आप ही ने लिखवाया था. कच्चा माल, शून्य."

बोट पुढे आलं. वरपासून खाली फिरत फिरत त्या रकान्यावर थांबलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे कोनाचं अक्षर होय?"

"माझं, जिजी."

"मंग बरोबर असंल," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आज विसरलेही असते.

मी उठून बोलले. बरंच बोलले. शून्याचा अर्थ काय होता, रीत काय होती, ती कंपनीनेच मोडली, आणि मोडून झाल्यावरही तिच्याच आधारे बांधलेला भाव तसाच ठेवला. गेटवरच्या भाषणांसारखं बोलले. संचालक मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला बसवलं. विभागाचे अधिकारी म्हणाले की भावना समजण्यासारख्या आहेत. योजनेच्या पुढच्या टप्प्यात या मुद्द्याचा विचार करता येईल. करार मध्येच बदलला तर भागीदारांचा विश्वास जातो. भागीदार किती आहेत, मी विचारलं. तीन, ते म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले : शासन, कंपनी, संस्था. जिजी त्यांच्या बोटांकडे पाहत होती.

परतीच्या बसमध्ये ती शेंगदाणे खात होती. मला मूठभर दिले.

"कागदवाली, तू चांगलं बोलली," ती म्हणाली. "पन लय लवकर बसली."

शेड दोन महिने बंद पडून राहिली. मग 'वापरात नसलेली यंत्रं' म्हणून तिन्ही मशीन कंपनीच्या युनिटमध्ये हलवण्याचा आदेश आला. सामूहिक हिताच्या दृष्टीने, असं त्यात होतं. जिजीने मशीन उचलणाऱ्या हमालांना पाणी दिलं आणि त्यातल्या एकाला सांगितलं, "या मशीनचा डावा पट्टा सैल हाये, तिथी सांग त्यायले." आठ बायका रोजंदारीवर युनिटमध्ये जाऊ लागल्या. कंपनीची बस सकाळी न्यायला येते. त्यांना बाजारात सामावून घेतलं, असं अहवालात आहे आणि ते खोटं नाही. तिघी परत निंदणी-खुरपणीला लागल्या. जिजी युनिटच्या दारापर्यंत जाऊन आली. मशीनवर कामाला पंचेचाळीसच्या आतली बाई लागते, असं तिला सांगण्यात आलं. तिच्या पद्धतीची पुस्तिका मात्र तिथे प्रत्येक मशीनजवळ टांगलेली आहे. पावसाळा त्यात अजूनही नाही.

मी राजीनामा दिला. त्याने कुणाचं काही अडलं नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

जिजीला मी शेवटचं पाहिलं ते मंगलच्या लग्नाच्या दोन दिवस आधी. पत्रिका द्यायला तिने मला बोलावून घेतलं होतं. निंबादादा अंगणात मांडवाचे बांबू रोवत होते. "चाल," जिजी म्हणाली, "खांब आनू."

गावाबाहेर, जिथे पूर्वी प्रल्हादभाऊच्या केळीच्या ओळी सुरू व्हायच्या, तिथे आता खोडांचं संकलन केंद्र झालं आहे. पत्र्याचं छप्पर, वजनकाटा, टेबलाशी ठेकेदाराचा मुनीम. खोडं लाकडाच्या वखारीसारखी थरावर थर रचलेली. मागचं शेत पार जमिनीपर्यंत सपाट. पिलं होती, पण मधे मधे पिवळी पडलेली, आधार नसल्यासारखी.

प्रल्हादभाऊ तिथेच खुर्ची टाकून बसला होता. जिजीला पाहून उठला.

"मांडवाले चार खांब पाहिजे, भाऊ," ती म्हणाली.

"घे की, जिजी. मंगल आमची बी पोरगी हाये." तो मुनीमाकडे वळला. मुनीम मान हलवत होता. माल मोजून झालाय, कॉम्प्युटरमध्ये चढलाय, चार कमी भरले तर माझ्या पगारातून जातील. प्रल्हादभाऊ ओशाळला. "बरं, माह्याकडून पैसे घे याचे," तो मुनीमाला म्हणाला आणि खिशात हात घातला.

"राहू दे," जिजी म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली, मुनीमाने सांगितले तेवढे पैसे टेबलावर ठेवले. "पावती दे."

"मांडवाच्या खांबांची कशाला पावती, मावशी?"

"दे."

मुनीमाने पावती फाडली. बोट पुढे आलं. वरपासून खाली, सावकाश. पहिल्याच ओळीत थांबलं. खरेदीदार, रुखमाबाई, मुक्काम फोपनार. तिने ते अक्षरं जुळवून वाचलं आणि पावती माझ्यापुढे धरली.

"हे पाय, कागदवाली. यात मी हाये. वरच्याच ओळीत."

"लग्नाची येळ कोनती हाये, जिजी?" प्रल्हादभाऊने विचारलं. तो त्याच्या पानाबद्दल विचारत होता, हे आम्हा दोघींनाही कळलं.

जिजीने पावतीची बारीक घडी घातली. "पैसे भेटले ना, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मंग पान कायचं मागते?"

तो परत खुर्चीवर बसला.

तिने थरातून चार खोडं निवडली. विळा आणलाच होता. त्याची मागची बाजू प्रत्येकावर तीनदा आपटली, कान दिला. चारही खोडं हातगाडीवर घातली, धाग्याच्या गुंडीने बांधली. मग सवयीने कमरेची पुडी काढली, चिमटीत हळदकुंकू घेतलं आणि वाकली.

बुंधा कुठेच नव्हता. काँक्रीट होतं.

ती तशीच वाकून राहिली, चिमूट धरून, इकडे तिकडे पाहत. मुनीम पुढच्या ट्रॅक्टरचं वजन लिहीत होता. प्रल्हादभाऊ दुसरीकडे बघत होता. मग तिने ती चिमूट परत पुडीत सोडली, कागद नीट मिटला, कमरेला खोचला आणि गाडी ढकलायला लागली. निघताना मागे वळून पाहायचं नसतं. या वेळी मात्र तिने वळून पाहिलं.